निळी गुलछडी

दादरच्या फुलबाजारात, पुलाखालच्या गाळ्यात
रात्री अकराला मी रंग कालवते.
दोन बादल्या. चमचाभर जास्त झाला तर पाकळ्यांच्या कडा करपतात,
कमी पडला तर नुसता धुतलेल्या आकाशासारखा उतरतो.
उद्याच्या तारखेला आकाशी चालत नाही.
उद्या सहा डिसेंबर.

गुलछडी आली की आधी तिचे पाय कापायचे,
तिरके, आणि पाण्याच्या आत.
हवेत कापलेत तर देठ घोटभर हवा गिळतो
आणि तेवढा बुडबुडा
नळीत बसून राहतो, कुलपासारखा.
मग खाली बादली भरलेली
आणि वर कळीने मान टाकलेली.
हे मला ऐंशी काड्यांच्या नुकसानीने शिकवलं.
रज्जाकशेठने ते पगारातून कापलं,
तेही तिरकंच.

मग पंखा लावायचा.
नवा पोरगा वामन्या विचारतो,
फुलांना कशाला वारा मावशी, उकडतंय आपल्याला!
अरे, वरून ओल उडाली
तरच खालून पाणी हलतं.
थेंबाने थेंबाचा पदर धरलेला असतो,
पहिला निघाला की मागचे सगळे निघतात.
खालून ढकलणारं कोणी नाही.
पाकळी जराशी सुकते, बस,
तिच्या सुकण्याने अख्खा दांडा ओढला जातो.

आमच्या अँटॉप हिलच्या बिल्डिंगीत
चौथ्या मजल्यावर पाणी चढवायला पंप लागतो,
पंपाला वीज, विजेला वर्गणी,
वर्गणीला भांडण.

दीडला पहिली रेघ दिसते.
केसाएवढी, पाकळीच्या शिरेत.
मग दुसरी.
इतक्या वर्षांत मी ती चढताना पाहिलेली नाही,
नेहमी चढलेलीच दिसते.

संघमित्रा दहावीला आहे. परवा म्हणाली,
आई, झाडात दोन नळ्या असतात.
जलवाहिनी फक्त वर नेते.
रसवाहिनी पानात शिजवलेली साखर
पार मुळापर्यंत पोचवते, लागेल तिथे, वर, खाली.
म्हणजे आपली मनीऑर्डर, मी म्हटलं.
ती हसली, पण वहीत लिहिलं नाही.
मला मात्र रात्रभर वाटत राहिलं :
आपण कापतो त्या काडीला
पोचवायला मूळच उरत नाही.
तेव्हापासून शेठला न सांगता
बादलीत मूठभर साखर टाकते.

आजा सांगायचा,
त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे.
हात लांब धरून, भांडं टेकणार नाही असं.
धार मनगटावरून कोपरापर्यंत जायची,
निम्मी धुळीत.
वाकल्याशिवाय त्याला कधी घोट मिळाला नाही.
हे तो रागाने सांगायचा नाही,
विहीर किती खोल होती ते सांगावं तसं सांगायचा.

पाचला गाळ्यासमोर माणसं थांबतात,
थैल्या, चपला, मफलर, रात्रभरचा प्रवास डोळ्यांत.
हिंगोलीची एक म्हातारी
फूल नाकाशी धरते, मग बोटाने घासते.
वरून मारलाय का गं रंग?
नाही आई. प्यालंय ते.
तिला खरं वाटत नाही.
काडी नखाने टचकन मोडते,
आत बघते :
हिरव्या गरात निळे ठिपके, विखुरलेले,
पहाटेला मावळायचे राहून गेलेल्या चांदण्यांसारखे.
मग नाही उतरायचा, ती म्हणते
आणि मोडलेल्या काडीचेही पैसे मोजते.
मी नको म्हणते, ती ऐकत नाही.

ती चैत्यभूमीच्या बाजूला वळते.
माझ्या नखांत रंग आहे, तो आठवडाभर राहील.
पंखा बंद करायचा राहिला.
बादलीतलं पाणी चार बोटं खाली गेलंय,
म्हणजे वर गेलंय.